पिवळा ठिपका

नांदेड
३ ऑगस्ट २०२५

उस्ताद,
जयभीम.

सात-आठ वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाही. शेवटी गुरम्माकाकूंनी उचलला आणि म्हणाल्या, फोनवर काही सांगू नको, कागद लिहून पाठव. का, ते सांगितलं नाही. म्हणून हा कागद.

अर्धापूरच्या भागवतचा टेम्पो केळी घेऊन लातूरला येतो. त्यातून एक गिअरबॉक्स पाठवते आहे. ऑटोमॅटिक, चार गिअरचा, जपानी. केळीच्या पाल्यात गुंडाळला आहे. भागवत म्हणाला, "ताई, हे पिकायला किती दिवस लागतात?" मी म्हणाले, ते उस्तादच्या हातात आहे.

माझा भाऊ आनंदराज तुम्हाला आठवत असेल. मी तुमच्याकडे काम शिकत होते ती दोन वर्षं तो मला न्यायला यायचा आणि तुमच्या दारात गाडी उगाच गरगर फिरवायचा. तुम्ही पाना घेऊन मागे धावायचात. चार वर्षांपूर्वी इथे आमच्या गॅरेजात जॅक घसरला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या दिवसापासून आमच्याकडे गाडीखाली जॅक जात नाही. खड्डा खणला आहे. गाडी खड्ड्यावर घेतो, माणूस खाली उतरतो.

जुनी कॉन्टेसा आहे. तिच्यात सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलं. आनंदराजला क्लच दाबता येत नाही, म्हणून गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. पण हा गिअरबॉक्स ज्या ताकदीसाठी केलेला आहे त्याच्या दुप्पट ताकद हे इंजिन देतं. आहे तसा जोडला तर आठ दिवसांत जळेल. तो आतून नवा करायचा आहे आणि आधीपेक्षा मजबूत.

२१ डिसेंबरला हैदराबादच्या अलीकडे एका बंद धावपट्टीवर घड्याळ लावून गाड्या पळवणार आहेत. पाव मैल. आनंदराजने नाव दिलं आहे. चार वर्षांत त्याने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

तुम्ही कराल ना?

लुंबिनी


लातूर
११ ऑगस्ट

लुंबिनी,
शरणार्थ.

गिअरबॉक्स पोचला. तेलाला केळीच्या पाल्याचा वास लागला होता. तेहतीस वर्षांत असा वास पहिल्यांदा.

खोलला. तेल काळं. तिसऱ्या गिअरच्या प्लेटा जळालेल्या. ड्रममध्ये मुळात चार फायबर प्लेटा असतात. पातळ स्टील प्लेटा घालून पाच बसवीन. दाबाची स्प्रिंग कडक घालीन. सील सगळे नवे.

राहिली वॉल्व्ह बॉडी. ते या पेटीचं डोकं. तेलाच्या वाटा, आणि वाटांत चार पोलादी छर्रे. चारही एका मापाचे. तिसऱ्याच्या घरात बसलेला छर्रा तेलाला बारीक भोकातून जायला लावतो, म्हणून तिसरा गिअर सावकाश धरतो. घरच्या गाडीला ते चांगलं. तुझ्या इंजिनाला नाही. सावकाश धरलं की प्लेटा घासतात आणि जळतात. म्हणून तिसऱ्याचं घर रिकामं ठेवायचं. तेल मोकळं जाईल, गिअर झटक्यात धरेल. एक छर्रा उरेल.

त्याच्या शेजारी अर्ध्या बोटावर दुसऱ्याचं घर आहे. ते कधीही रिकामं ठेवू नये. तिथला छर्रा दुसरा गिअर वेळेत सोडवतो. तो नसेल तर दुसरा सुटायच्या आत तिसरा धरतो. दोन गिअर एकदम. मागची चाकं जाम. हळू चालवून हे कळत नाही. पाय पूर्ण दाबल्यावरच कळतं. शारजाच्या दुकानात कामाला असताना मी एकदा पाहिलं. माणूस वाचला. गाडी कोणती ते ओळखू येत नव्हतं.

डिसेंबरच्या आत देतो.

आनंदराजचा कोणता पाय?

शिवशंकर


नांदेड
१९ ऑगस्ट

उस्ताद,
जयभीम.

पाच फायबर प्लेटा आणि स्प्रिंग पाठवते आहे. भागवत या वेळी कच्ची केळी घेऊन निघाला आहे, तुमच्यासाठी एक फणी वेगळी ठेवायला सांगितली.

पाय डावा. मागच्या पत्रात लिहिला होता, अक्षर लागलं नसेल. आनंदराजला सांगितलं तर म्हणतो, "उस्तादला म्हणावं, उजवापण घेऊन जा, दोन्ही ऑटोमॅटिक करून द्या."

तो रोज गाडीत जाऊन बसतो. इंजिन चालू करतो, ऐकतो, बंद करतो. गाडीला गिअरबॉक्स नाही, त्यामुळे ती कुठे जात नाही. दहा मिनिटांनी उतरतो आणि कोणाशी बोलत नाही.

छर्‍यांचं नीट कळलं. तिसऱ्याचं रिकामं, दुसऱ्याचं कधीच नाही. माझ्या वहीत चित्र काढून ठेवलं.

लुंबिनी


लातूर
१० सप्टेंबर

लुंबिनी,
शरणार्थ.

प्लेटा बसवल्या. फट मोजली, मापात आहे.

काम करून राहिलो, पण एक समजत नाही. जीपला ऑटोमॅटिक कशाला? आनंदराज पायाने चपळ पोरगा आहे. माझ्या दारात गाडी फिरवायचा तेव्हा क्लच कसा सोडायचा ते मी पाहिलं आहे. त्याला साधा गिअरबॉक्स द्या. त्याचा पाय फुकट घालवू नका.

इंजिन पेट्रोल की डिझेल?

आणि हे सांग. ठिपका कधी खरवडायचा आणि कधी राहू द्यायचा?

शिवशंकर


नांदेड
१६ सप्टेंबर

उस्ताद,
जयभीम.

तुमचं पत्र आधी चारदा वाचलं. काही कळेना. कॉन्टेसाची जीप कशी झाली? पायाचं तर दोनदा लिहिलं होतं. आनंदराजला पत्र दाखवलं नाही.

मग रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी घासताना एकदम लक्षात आलं आणि हसू आलं. तुमच्या गॅरेजात तुम्ही आम्हाला मुद्दाम चुकीचा पाना द्यायचात. बाराचा मागितला की तेराचा. जो न बघता घ्यायचा त्याला दिवसभर फरशी पुसायला. मी पहिल्या महिन्यात नऊ वेळा पुसली. अजून तेच चाललं आहे का? मी आता छत्तीस वर्षांची आहे, उस्ताद.

तर उत्तरं. गाडी कॉन्टेसा. इंजिन पेट्रोल. पाय डावा, गुडघ्याखाली नाही, म्हणून ऑटोमॅटिक.

ठिपक्याचे नियम तुम्ही शिकवलेत तसे लिहिते. जो पेटी खोलतो तोच बंद करतो, मध्ये दुसऱ्याचा हात नाही. बंद केल्यावर शेवटच्या बोल्टवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, अर्धा बोल्टवर, अर्धा पेटीवर. दुसऱ्याचा ठिपका फोडला तर पुढची जबाबदारी फोडणाऱ्याची. आत काम बरोबर निघालं तर जुना ठिपका राहू द्यायचा आणि शेजारी आपला द्यायचा. चूक निघालं तर जुना खरवडून काढायचा, म्हणजे सगळ्यांना कळेल. आणि उस्तादचा ठिपका उस्ताद हयात असताना शागिर्द फोडत नाही.

तुमचा पिवळा, माझा निळा. तुमचा पिवळा आजपर्यंत कोणी खरवडलेला नाही, हे तुम्ही आम्हाला दर आठवड्याला सांगायचात.

पास का?

लुंबिनी


लातूर
४ नोव्हेंबर

लुंबिनी,
शरणार्थ.

उशीर झाला. आधी पाऊस, रस्ते बंद. मग दसरा, मग दिवाळी. मग कशामुळे ते सांगता येत नाही.

पेटी बंद केली. खालच्या चेंबरच्या शेवटच्या बोल्टवर पिवळा दिला आहे.

सोबत कागदाच्या पुडीत एक छर्रा आहे. चारातले तीन आत गेले. हा उरला.

कोणता उरला, ते तू सांग.

२१ तारखेला मी येणार आहे. गुरम्मालाही आणीन. गाडीखाली वाकून ठिपका पाहीन, मग खुर्चीवर बसेन.

शिवशंकर


नांदेड
९ नोव्हेंबर

उस्ताद,
जयभीम.

पेटी आली. काय वजनदार दिसते! खड्ड्यावर घेऊन दोन दिवसांत गाडीला लावली. आनंदराजने वरून मोजमाप सांगितलं, मी खालून बोल्ट आवळले. त्याचं तोंड चार वर्षांत एवढं चाललं नव्हतं. "ताई, हळू. ताई, तिरका जातोय. ताई, तू आयटीआयला काय कँटीनमध्ये होतीस का?"

भागवत सांगत होता, "उस्तादने मला दोनदा नाव विचारलं आणि दोनदा चहा पाजला. मी दोन्ही प्यालो." तुमची थट्टा करायची सवय गेली नाही.

आता परीक्षेचं उत्तर. उरलेला छर्रा तिसऱ्याचा. तुमच्या ११ ऑगस्टच्या पत्रात तसं स्पष्ट आहे: तिसऱ्याचं घर रिकामं ठेवायचं. दुसऱ्याचं भरलेलं.

परीक्षा संपली आणि उत्तर बरोबर असेल तर फक्त "हाव" एवढं लिहा. बाकी काही नको. तुमचा हाव आल्याशिवाय मी आनंदराजला किल्ली देणार नाही. तो म्हणतो, उस्तादच्या पिवळ्यावर शंका घेणारी तू पहिलीच. शंका नाही. फक्त हाव पाहिजे.

लुंबिनी


लातूर
१५ नोव्हेंबर

लुंबिनी,
शरणार्थ.

तू म्हणतेस ते मी लिहिलं असेल. अक्षर माझं असेल तर लिहिलंच असेल. पण ते ऑगस्टातलं. काय करणार होतो ते. काय केलं ते तिथे लिहिलेलं नाही.

तिसऱ्याच्या घरात छर्रा ठेवताना मला माझं बोट दिसतं. नखाला ग्रीस आहे. छर्रा चकाकतो. हे या पेटीचं आहे की शारजातल्या एखाद्या पेटीचं, ते दिसत नाही.

शारजातलं सगळं दिसतं. दुकानाची निळी शटर, मालकाचा पानाचा डबा, कोणत्या टेबलावर कोणता पाना. मागच्या मंगळवारचं दिसत नाही.

चार छर्रे होते. तीन गेले. एक उरला. हिशेब बरोबर आहे. हिशेब बरोबर असेल तर काम बरोबर असतं का?

तू सांग. तू हुशार होतीस.

शिवशंकर


लातूर
१६ नोव्हेंबर

लुंबिनी अव्वा,

हे पत्र मी लिहून राहिले ते ह्यांना ठाऊक न्हाई. भागवतच्या हातात गुपचूप दिलं.

हे इसरतात. मार्चपासून. आधी चाव्या, मग नावं. एकदा औसा रोडवरून घरी यायला इसरले, दुपारभर एका पंपावर बसून राहिले. डाक्टरला दाखवलं. गोळ्या हायत. डाक्टर म्हणले, कमी व्हायचं न्हाई, थांबलं तर थांबलं. फोनवर बोललेलं दुसऱ्या मिंटाला जातं, म्हणून तुला कागद लिही म्हणले. कागद ऱ्हातो.

दसऱ्यापासून तुझी पत्रं कपाटासमोरच्या भिंतीला लावलीत. रोज सकाळी चहाच्या आधी समदी वाचतात. तारखेपरमाणं. मग कामाला बसतात. ह्यांची पत्रं तुझ्याकडं. तुझी ह्यांच्याकडं. तू काय म्हणलीस ते ह्यांना रोज कळतं. आपण काय म्हणलो ते कळत न्हाई.

तुझी पेटी तीनदा बंद केली आन तीनदा उघडली. सुरू असताना हात बराबर चालतात, जशे पैले चालायचे. मधी उठले की गेलं. चौथ्यांदा बंद केली तवा मी शेंगा निवडत व्हते, माझं ध्यान नव्हतं. ध्यान असतं तरी मला काय कळणार व्हतं?

पिवळा दिला त्या दिवशी पोटभर जेवले. म्हणले, गुरम्मा, अजून जमतंय.

आता तू काय करायचं ते मला समजत न्हाई. तुझ्या भावाचा जीव हाय. ह्यांचं पण हेच उरलंय. दोघांचं कसं जमायचं? तू शिकलेली हायस.

गुरम्मा


नांदेड
२३ नोव्हेंबर

उस्ताद,
जयभीम.

एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे.

काल गाडीखाली काम करताना जॅक हलला आणि चेंबरच्या बोल्टवर घासला. तुमचा ठिपका गेला. अर्धा बोल्टवरचा आणि अर्धा पेटीवरचा, दोन्ही. बोल्टसुद्धा ढिला झाला असेल.

ठिपका नाही म्हणजे पेटी बंद नाही, असा तुमचाच नियम. आणि जो खोलतो तोच बंद करतो. म्हणून तुम्ही नांदेडला या. चेंबर उघडा, वॉल्व्ह बॉडी एकदा काढून पाहा, परत बसवा, ठिपका द्या. मी शेजारी उभी राहून पाने देईन. बाराचा मागितलात तर बाराचाच देईन.

भागवत तुम्हाला केबिनमध्ये बसवून आणेल. काकूंनाही आणा.

माफ करा. हात घसरला.

लुंबिनी


लातूर
२९ नोव्हेंबर

लुंबिनी,
शरणार्थ.

तुझं ३ ऑगस्टचं पत्र भिंतीवर पहिलं आहे. आज सकाळी वाचलं. त्यात आहे: त्या दिवसापासून आमच्याकडे गाडीखाली जॅक जात नाही. खड्डा खणला आहे.

मग ठिपक्याला जॅक कुठून लागला?

खोटं लिहायचं तर आधीचं वाचून लिहावं. तुला ते कधी जमलं नाही. माझ्याकडे असताना फट मोजायचा फिलर गेज वाकवलास आणि उंदराने वाकवला म्हणालीस.

तू खोटं लिहिलंस म्हणजे तुला माझ्या कामाची खात्री नाही. आणि गुरम्माने तुला काहीतरी लिहिलं आहे. मी तिला विचारलं नाही. विचारलं तरी लक्षात राहणार नाही.

मलाही खात्री नाही. हे वाक्य लिहायला सकाळ गेली.

मी नांदेडला येऊन काही होणार नाही. वाटेतच मी कशाला निघालो ते भागवतला विचारीन, आणि तो मला चहा पाजेल.

ठिपका तू फोड. शागिर्दाने फोडू नये हा नियम मी केला होता. मी तो काढून टाकतो. बाकीचे आहेत तसे ठेव.

आत काय निघालं ते मला लिहू नको. लिहिलंस तर ते भिंतीला लागेल, आणि ते मला रोज सकाळी नव्याने कळेल. एवढंच लिही, पिवळा राहिला की गेला. बरोबर असेल तर राहू दे. चूक असेल तर खरवड. दया करू नको. दया करायची तर आनंदराजवर कर.

मी २१ तारखेला येत नाही. तिथे गर्दी असेल.

शिवशंकर


नांदेड
२३ डिसेंबर

उस्ताद,
जयभीम.

परवा गाडी पळाली.

तुम्ही नव्हता म्हणून सगळं लिहिते. धावपट्टीच्या कडेला गवत आहे, त्यात लोक उभे होते. आनंदराजची पाळी दुपारी एकला आली. शेजारच्या पट्टीत हैदराबादची एक पांढरी गाडी होती. तिचा ड्रायव्हर आनंदराजला चालत येताना पाहून म्हणाला, "भाई, आरामसे." आनंदराज म्हणाला, "हाव, आरामसेच."

दिवा हिरवा झाला. पहिला गिअर मला ऐकू आला. दुसरा ऐकू आला. मग मी डोळे मिटले. ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिसरा ऐकू आला. आवाज तुटला नाही. खाली बसला आणि पुन्हा उठला, एका झटक्यात. डोळे उघडले तेव्हा गाडी सरळ जात होती.

तेरा सेकंद आणि चार दशांश. पांढरी गाडी मागे राहिली.

तो परत आला आणि काच खाली केली. मी विचारलं, तिसऱ्याला काय वाटलं? म्हणाला, "मागून कोणी तरी पाठीवर थाप मारल्यासारखं." मग गाडीतून उतरला नाही. अर्धा तास तसाच बसला. या वेळी बोलत होता. कोणाशीही. चहावाल्याशी, पांढऱ्या गाडीवाल्याशी. त्याला गिअरबॉक्स कोणी केला ते दोनदा सांगितलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ३ डिसेंबरला ठिपका फोडला होता. एकटीने. चेंबर परत लावून बोल्ट आवळला तेव्हा तुमच्या ठिपक्याचे दोन अर्धे पुन्हा एका रेषेत आले.

पिवळा राहिला. शेजारी निळा दिला.

लुंबिनी


नांदेड
२३ डिसेंबर

गुरम्माकाकू,

हे पत्र केळीच्या फणीत खाली ठेवते आहे. उस्ताद केळी सोलतात पण फणी तुम्हीच उतरवता, असं भागवत म्हणाला.

दुसऱ्याचं घर रिकामं होतं. तिसऱ्याचं भरलेलं.

अर्ध्या बोटाचं अंतर आहे, काकू. बाकी सगळं इतकं बरोबर होतं की मला आधी माझ्याच डोळ्यांचं खरं वाटेना. प्लेटांची फट, स्प्रिंग, सील, असं काम मला जन्मात जमणार नाही. फक्त एक छर्रा शेजारच्या घरात. मी तो उचलून अर्ध्या बोटावर ठेवला. दोन मिनिटांचं काम. मग खड्ड्यात खाली बसून राहिले. वरून आनंदराज हाका मारत होता, "ताई, झोपलीस का?"

त्याला सांगावं लागलं. गाडीत तो बसणार होता. तो खड्ड्याच्या कडेला येऊन बसला. मग म्हणाला, "खरवडणार?"

मी पातं हातात घेतलं होतं. नियम तसाच आहे, आणि उस्तादने लिहिलं होतं, दया करू नको. ही दया आहे की काय आहे, मला अजून कळत नाही. मी पातं परत हत्यारांच्या पेटीत ठेवलं. आनंदराज म्हणाला, "बरं झालं. नाहीतर मी पिवळ्या रंगाचा डबा आणायला निघालो होतो."

मी नियम पहिल्यांदा मोडला. उस्तादने शिकवलेल्यातला हा एकच.

हे त्यांना सांगू नका. हे भिंतीला लावू नका.

लुंबिनी


लातूर
४ जानेवारी २०२६

लुंबिनी अव्वा,

फणीतला कागद मिळाला. वाचला. गॅसवर धरला. राख तुळशीत न्हाई टाकली, मोरीत टाकली.

ह्यांना तुझं पत्र आलं त्या दिवशी उभ्यानंच वाचलं. मग बसून वाचलं. मग खिळा घेऊन भिंतीला ठोकलं, समद्यात वर. टाचणीवर इश्वास न्हाई म्हणले.

आता रोज सकाळी चहाच्या आधी वाचतात. रोज पैल्यांदाच वाचल्यावाणी. खालच्या वळीवर आले की थांबतात. मला हाक मारतात. "गुरम्मा, पोरीनं पिवळा ठेवलाय. बघितलास का?"

मी म्हणते, हाव.

"खरं आसंल का?"

मी म्हणते, हाव.

मग आपलेच हसतात. म्हणतात, "खरंच आसणार. त्या पोरीला खोटं लिहायला कुठं येतंय!"

मग चहा पितात.

गुरम्मा